ऐंशी नट आणि एक हेडसेट: सायानो-शुशेन्स्कायाच्या संच क्रमांक २ चं प्रकरण

१७ ऑगस्ट २००९, सकाळचे ८ वाजून १३ मिनिटं. रशियाच्या खाकासिया प्रजासत्ताकात येनिसेई नदीवर सायानो-शुशेन्स्काया हे जलविद्युत केंद्र आहे. तिथल्या संच क्रमांक २ च्या (संच म्हणजे टर्बाइन आणि जनरेटरची जोडी) टर्बाइनचं कव्हर धरून ठेवणारे स्टड, म्हणजे नट आवळायचे जाड आटेदार दांडे, तुटले. खालून उसळलेल्या पाण्याने नऊशेहून अधिक टनांचा रोटर, म्हणजे संचाचा फिरणारा भाग, उचलून वर फेकला आणि मशीन हॉलमध्ये पाणी घुसलं. सकाळची पाळी नुकतीच लागली होती. त्यात संच क्रमांक ६ दुरुस्तीला काढलेला होता, त्यामुळे हॉलमध्ये आणि खालच्या मजल्यांवर माणसं भरपूर होती. ७५ जणांचा जीव गेला.

मोठ्या यंत्रांची तब्येत व्हर्च्युअल रिअॅलिटीत (व्हीआर) पाहण्याची कल्पना आता आपल्याकडच्या कारखान्यांतही पोचली आहे. हेडसेट चढवला की पंप किंवा टर्बाइन पूर्ण आकारात समोर उभं राहतं. सेन्सरचे आकडे त्या त्या जागी तरंगताना दिसतात आणि तापलेलं बेअरिंग लाल होतं. मला हे तंत्र मनापासून उपयोगी वाटतं. म्हणून त्याची परीक्षा विक्रेत्याच्या डेमोवर घेऊ नये, खऱ्या अपघातावर घ्यावी, असं मी मानतो. सायानोचं प्रकरण त्यासाठी निवडलं, कारण त्याची चौकशी झाली, अहवाल जाहीर झाला आणि त्या अहवालावर जाणकारांनी जाहीर वादही घातले.

२००९ मध्ये आजच्यासारखे स्वस्त हेडसेट नव्हते. चारी बाजूंनी पडदे लावलेल्या ‘केव्ह’ खोल्या १९९२ पासून होत्या, पण त्या संशोधन संस्था आणि मोजक्या बड्या उद्योगांच्या आवाक्यातल्या. तेव्हा इथला प्रश्न कल्पनेतला आहे, पण पुरावा खरा आहे. संच २ चं जिवंत व्हीआर रूप तयार असतं, तर काय दिसलं असतं? कोणाला दिसलं असतं? आणि यंत्र वेळेत थांबलं असतं का?

यंत्र कसं होतं

केंद्रात दहा फ्रान्सिस टर्बाइन होती, प्रत्येकी ६४० मेगावॅटची. एकूण क्षमता ६४०० मेगावॅट, म्हणजे रशियातलं सर्वांत मोठं वीजकेंद्र. शाफ्ट उभा, वर जनरेटर, खाली टर्बाइन. रनरचा, म्हणजे पाण्याने फिरणाऱ्या पात्यांच्या चाकाचा, व्यास पावणेसात मीटरच्या आसपास आणि वेग मिनिटाला सुमारे १४३ फेरे. अपघाताच्या दिवशी पाण्याची उंची सुमारे २१२ मीटर होती. इतक्या उंच स्तंभाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण २१ किलो होतो. हे पाणी आणि मशीन हॉल यांच्यामध्ये टर्बाइनचं कव्हर असतं, आणि ते कव्हर खालच्या रिंगला ८० स्टडनी आवळलेलं होतं. एकेक स्टड ८० मिलिमीटर जाडीचा.

फ्रान्सिस टर्बाइनची एक खोड जलविद्युतमध्ये काम करणारा प्रत्येक जण जाणतो. पूर्ण भाराच्या जवळ ते शांत चालतं. मधल्या भारावर मात्र रनरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात गरगर उरते, ड्राफ्ट ट्यूबमध्ये, म्हणजे पाणी बाहेर नेणाऱ्या नळीत, पाण्याचा पीळ तयार होतो आणि तो रोटरच्या वेगाच्या साधारण पाव ते एक-तृतीयांश वेगाने फिरत राहतो. त्याच्या धक्क्यांनी अख्खा संच थरथरतो. सायानोच्या संचांना त्या पाणीउंचीवर सुमारे २६५ ते ५७० मेगावॅट हा पट्टा असा होता. या पट्ट्यात चालवू नये, लवकर पार करावा, अशी शिफारस होती.

संच २ नोव्हेंबर १९७९ मध्ये सुरू झालेला. नेमून दिलेलं आयुष्य ३० वर्षांचं, म्हणजे अपघाताच्या वेळी ते संपायला जेमतेम तीन महिने उरले होते. २००९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये त्याची दुरुस्ती झाली आणि नवा इलेक्ट्रो-हायड्रॉलिक गव्हर्नर, म्हणजे संचाचा वेग आणि भार सांभाळणारी यंत्रणा, बसवला गेला. ग्रिडच्या मागणीनुसार भार कमी-जास्त करण्याचं काम मग याच संचाकडे आधी जाऊ लागलं. यंत्रणा नवी, म्हणून भाराच्या चढउताराचा सगळा ताण जुन्या यंत्रावर. या प्रकरणातली ही गाठ मला सर्वांत दुःखद वाटते, कारण ती रोजच्या कामकाजातून, कोणाच्याही वाईट हेतूशिवाय बसली होती.

शेवटचे बारा तास

१६ ऑगस्टच्या रात्री साडेआठच्या सुमारास शेकडो किलोमीटर दूरच्या ब्रात्स्क जलविद्युत केंद्रात आग लागली. तिथली संपर्कयंत्रणा कोलमडली आणि ग्रिड सांभाळण्याचा भार सायानोवर आला. संच २ त्या रात्री आणि सकाळी वारंवार त्या नकोशा पट्ट्यातून खाली-वर झाला. सकाळी ८:१२ ला तो ५७५ मेगावॅटवर होता. स्वयंचलित नियंत्रकाने भार ४७५ कडे उतरवायला घेतला, म्हणजे संच पुन्हा त्याच पट्ट्यात शिरला. टर्बाइन बेअरिंगपाशी नोंदलेलं कंपन तेव्हा ८४० मायक्रोमीटर होतं. परवानगीची कमाल मर्यादा १६०. मिनिटाभरात कव्हर सुटलं.

पुढचा तास वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे, म्हणून इथे दोनच गोष्टी नोंदवतो. केंद्राची स्वतःची वीज गेल्यामुळे बहुतेक संचांचे पाण्याचे मार्ग आपोआप बंद झाले नाहीत. कर्मचाऱ्यांनी धरणाच्या माथ्यावर जाऊन आणीबाणीचे दरवाजे हातांनी उतरवले, आणि त्याला तासाभराहून जास्त वेळ लागला.

रशियाच्या औद्योगिक सुरक्षा नियामकाने, म्हणजे रोस्तेखनाद्झोरने, ऑक्टोबर २००९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. आपल्या विषयाशी थेट भिडणाऱ्या त्यातल्या नोंदी अशा. २१ एप्रिल ते १७ ऑगस्ट या काळात टर्बाइन बेअरिंगचं कंपन जवळपास चौपट झालं होतं. सतत कंपन मोजणारी प्रणाली त्याच वर्षी संच २ वर बसवली होती, पण ती रीतसर सेवेत घेतलेली नव्हती. तिचे आकडे पाळीवरच्या माणसांच्या किंवा व्यवस्थापनाच्या निर्णयात धरलेच जात नव्हते. सापडलेल्या ४९ स्टडपैकी ४१ मध्ये धातूच्या थकव्याच्या भेगा होत्या, त्यातल्या आठांमध्ये भेग छेदाच्या ९० टक्क्यांहून जास्त भागात पसरलेली. आणि सहा स्टडवर अपघाताच्या क्षणी नटच नव्हते.

शाफ्ट: इथे व्हीआर जिंकतं

८४० मायक्रोमीटर म्हणजे ०.८४ मिलिमीटर. पावणेसात मीटरच्या यंत्रात एवढी हालचाल डोळ्याला दिसत नाही. स्क्रीनवर तो एक आकडा असतो, शंभर आकड्यांमधला एक. पायाखालची जमीन थरथरते, पण ती रोजच थरथरते आणि माणूस सरावतो.

व्हीआरमध्ये हीच हालचाल २०० पटीने मोठी करून दाखवली, तर परवानगीचं १६० मायक्रोमीटरचं कडं ३.२ सेंटीमीटरचं होतं आणि शाफ्टचा झोल १६.८ सेंटीमीटरचा. कडं हिरव्या रंगात शाफ्टभोवती काढलेलं आहे आणि तुम्ही बेअरिंगपाशी उभे आहात, असं समजा. शाफ्ट त्या कड्याबाहेर बराच दूर भरकटतो आहे. सेकंदाला जवळपास अडीच फेरे हा वेग डोळ्याला सहज कळतो, त्यामुळे इथे गती मंद करण्याचीही गरज नाही. (छोट्या मोटरच्या बेअरिंगमधला दोष सेकंदाला शंभरवर ठोके देतो. तिथे मंद केल्याशिवाय काही कळत नाही, आणि मला तर तिथे आवाज ऐकवणं जास्त योग्य वाटतं.) मात्र कडं आणि शाफ्ट एकाच पटीने मोठे केलेले असावेत आणि ती पट नजरेसमोर ठळक लिहिलेली असावी. नाहीतर प्रत्येक निरोगी यंत्र भयंकर दिसेल आणि महिन्याभरात कोणीही घाबरणार नाही.

दुसरा फायदा काळाचा. एप्रिल ते ऑगस्ट या चार महिन्यांत कंपन चौपट झालं, पण ते रोज थोडं थोडं वाढलं. रोज पाहणाऱ्याला अशी वाढ जाणवत नाही. तेच चार महिने दोन मिनिटांत पळवले, तर शाफ्टचा झोल फुगताना डोळ्यांसमोर दिसतो. त्यावर त्या त्या वेळचा भारही दाखवला, तर मधल्या पट्ट्यात शिरताच झोल कसा उसळतो हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. भार, कंपन आणि जागा या तीन गोष्टी वेगवेगळ्या तक्त्यांत असतात तेव्हा त्या जोडायला अनुभवी माणूस लागतो. व्हीआरने त्या एकाच ठिकाणी आणल्या, तर नवख्यालाही जोडता येतात.

एक सेन्सर आणि बाकीचे

आता वादाकडे. अहवाल प्रसिद्ध झाल्यावर काही जलविद्युत अभियंत्यांनी त्या ८४० च्या आकड्यावरच बोट ठेवलं. तो आकडा एकाच सेन्सरचा होता. त्याच संचावरच्या इतर सेन्सरमध्ये तशी वाढ दिसत नव्हती. शिवाय तोच सेन्सर संच थांबलेला असतानाही मोठं कंपन दाखवत होता, म्हणजे तो बिघडलेला असावा, असं त्यांचं म्हणणं. स्टड थकव्याने तुटले याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. वाद होता तो धोक्याची सूचना खरोखर त्या आकड्यात होती का, यावर.

व्हीआर विकत घेणाऱ्याने हा वाद दोनदा वाचावा. आधीच्या भागात मी वर्णन केलेला तो कड्याबाहेर भरकटणारा शाफ्ट एका नादुरुस्त सेन्सरच्या जोरावरही तितकाच खरा दिसला असता! कागदावरच्या आकड्यावर माणूस शंका घेतो. डोळ्यांसमोर पूर्ण आकारात हलणाऱ्या शाफ्टवर शंका घेणं फार कठीण असतं. आणि सेन्सर खोटा आहे हे एकदा कळलं, की पुढच्या खऱ्या इशाऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. चित्राची ताकद दोन्हीकडून मारते.

उपाय अवघड नाही, फक्त तो आधी ठरवावा लागतो. प्रत्येक सेन्सर त्याच्या खऱ्या जागी दिसावा, त्याचं शेवटचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, सोबत दिसावं, आणि शाफ्टचं चित्र कोणत्या सेन्सरवरून काढलं आहे हे लपवू नये. शेजारचे सेन्सर एकमेकांशी जुळत नसतील, तर हालचालीची रेषा धूसर करून दाखवावी. सगळ्यांत सोपी परीक्षा म्हणजे संच बंद असतानाची नोंद व्हीआरमध्ये चालवून पाहणं. थांबलेल्या यंत्राचा शाफ्ट नाचताना दिसला, तर दोष सेन्सरमध्ये आहे, आणि हे समजायला कंपनशास्त्राची पदवी लागत नाही. सायानोत ही परीक्षा घेतली असती तर त्या सेन्सरचा निकाल महिने आधी लागला असता. मग एकतर तो बदलला गेला असता, नाहीतर त्याचं म्हणणं गांभीर्याने घेतलं गेलं असतं. दोन्हींपैकी काहीही झालं असतं तरी ते चाललं त्यापेक्षा बरं होतं.

ऐंशी नट

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

यंत्राचं व्हीआर रूप कुठून येतं? बहुधा निर्मात्याच्या ड्रॉइंगवरून. सायानोच्या संचाचं ड्रॉइंग घेऊन रूप तयार केलं असतं, तर कव्हरच्या कडेला ८० स्टड आणि ८० नट दिसले असते. सगळे नवे, सगळे आवळलेले. हेडसेट लावून तिथे गुडघ्यावर बसून पाहणाऱ्याला सहा नट कमी आहेत हे कधीच कळलं नसतं, कारण संगणकाने ते ड्रॉइंगवरून भरून टाकले असते. प्रत्यक्ष जागेवर टॉर्च घेऊन वाकलेल्या फिटरला मात्र ते कळू शकलं असतं. व्हीआरमुळे जागेवर जाण्याची गरज उरत नाही, असं डेमोत अभिमानाने सांगतात. या प्रकरणात तेच धोक्याचं होतं.

भेगांचंही तसंच. थकव्याची भेग स्टडच्या आटे असलेल्या भागात, नजरेआड सुरू होते. कंपनाचा सेन्सर ती दाखवत नाही. ती शोधायची तर एकेका स्टडवर अल्ट्रासॉनिक प्रोब ठेवून पाहावं लागतं. हा धोका अगदीच अनोळखीही नव्हता. १९८३ मध्ये ताजिकिस्तानातल्या नुरेक जलविद्युत केंद्रात टर्बाइन कव्हरचे स्टड तुटून पाणी आत शिरलं होतं. तिथे दाबनळावरचा व्हॉल्व्ह बंद करता आला आणि मोठा अनर्थ टळला. सायानोला असा व्हॉल्व्ह नव्हता. तिथे पाणी अडवण्याचा शेवटचा उपाय धरणाच्या माथ्यावरचे दरवाजे, आणि ते किती उशिरा उतरले ते वर आलंच आहे.

म्हणून यंत्राच्या तब्येतीचं व्हीआर करताना माझा आग्रह एका गोष्टीसाठी असतो. ज्या भागाची प्रत्यक्ष तपासणी झालेली नाही, तो भाग चित्रात करडा ठेवावा. हिरवाही नाही, लालही नाही, करडा. स्टड क्रमांक १ ते ८०, प्रत्येकावर बोट ठेवलं की शेवटची तपासणी कधी झाली, कोणत्या पद्धतीने झाली, कोणी केली, नटचा फोटो आहे की नाही, हे दिसावं. तपासणीची मुदत टळली की रंग आपोआप पुन्हा करडा व्हावा. सायानोच्या संच २ चं असं रूप २००९ च्या उन्हाळ्यात उघडलं असतं, तर कव्हरभोवती करड्या स्टडचं अख्खं कडं दिसलं असतं. १४३ च्या वेगाने फिरणाऱ्या, चौपट कंपन झालेल्या यंत्राच्या पायथ्याशी काहीही माहीत नसलेलं एक कडं! शाफ्टच्या नाचण्याहून या कड्याने मला जास्त हादरवलं असतं.

असं चित्र विकायला कठीण जातं, याची मला जाणीव आहे. पहिल्या दिवशी यंत्राचा तीन-चतुर्थांश भाग करडा दिसतो आणि व्यवस्थापन विचारतं, पैसे कशाचे दिले? पण तो करडा रंगच खरी माहिती आहे. मेंटेनन्सचं पुढच्या सहा महिन्यांचं वेळापत्रक त्यातूनच निघतं.

हेडसेट कोणी लावायचा

पाळीवरच्या ऑपरेटरने नाही. अर्धा किलोचा हेडसेट डोक्यावर घेऊन आठ तास कोणी बसू शकत नाही. अनेकांना थोड्याच वेळात मळमळतं, शिवाय डोळे झाकलेला ऑपरेटर समोरच्या पॅनेलला मुकतो. ८:१२ ते ८:१३ या एका मिनिटात हेडसेट शोधून लावेपर्यंत सगळं संपलेलं असतं. त्या मिनिटासाठी फक्त एकच गोष्ट उपयोगाची, ती म्हणजे मर्यादा ओलांडताच माणसाला न विचारता संच थांबवणारं संरक्षण. सेन्सरपासून ट्रिपपर्यंतची, म्हणजे संच आपोआप थांबवण्यापर्यंतची, ती तार सरळ असावी. त्या वाटेत व्हीआर, क्लाउड, डॅशबोर्ड काहीही येता कामा नये.

व्हीआरची जागा आठवड्याच्या आढावा बैठकीत आहे. संचाचा मेंटेनन्स इंजिनिअर, पाळीप्रमुख आणि भार ठरवणारा माणूस यांनी एकत्र आत जावं, पंधरा-वीस मिनिटं थांबावं आणि बाहेर येऊन एका कागदावर सह्या कराव्यात: संच चालू ठेवायचा, कोणत्या पट्ट्यात चालवायचा नाही, काय कधी तपासायचं. भार ठरवणारा माणूस आत असणं महत्त्वाचं. सायानोत यंत्राच्या कंपनाचे आकडे एकीकडे होते आणि भाराचे आदेश दुसरीकडून येत होते. संच २ ला ग्रिडच्या चढउतारासाठी पुढे करणाऱ्याने तो फुगत गेलेला झोल एकदा जवळून पाहिला असता, तर निदान दुसरा संच तरी पुढे केला असता. व्हीआरकडून मला सर्वांत मोठी अपेक्षा हीच आहे. यंत्रापासून लांब बसून निर्णय घेणाऱ्याला ते यंत्राजवळ आणून उभं करतं.

आपल्याकडे

हे सगळं सायबेरियापुरतं नाही. कोयनेच्या चौथ्या टप्प्यात २५० मेगावॅटचे चार संच भूमिगत वीजगृहात आहेत. घाटघरला १२५ मेगावॅटचे दोन उलटसुलट चालणारे पंप-टर्बाइन संच आहेत. सौर आणि पवनऊर्जा वाढते आहे तसं जलविद्युत संचांना दिवसातून जास्त वेळा सुरू-बंद व्हावं लागतं, भार जास्त वेळा बदलावा लागतो, आणि मधल्या पट्ट्यातून जाणं-येणं वाढतं. पाणी पुन्हा वर चढवून साठवणाऱ्या उदंचन प्रकल्पांची नवी रांग महाराष्ट्रात लागली आहे, तिथे हा प्रश्न पहिल्या दिवसापासून असेल.

अशा ठिकाणी व्हीआरचा प्रस्ताव आला, तर खर्चाचा क्रम मी असा लावीन. आधी कव्हरच्या प्रत्येक स्टडची अल्ट्रासॉनिक तपासणी आणि फोटोसह नोंद. मग सेन्सर, आणि ते संच बंद असताना शून्याच्या जवळ येतात का याची खात्री. मग ट्रिपची तार, प्रत्यक्ष ट्रिप करून दाखवलेली. हेडसेट चौथा. आणि पुरवठादाराला डेमोत मी एकच काम सांगीन. आमच्या संचावरचा एक नट दुरुस्तीच्या दिवशी आम्ही काढून ठेवतो आणि तपासणी वहीत तशी नोंद करतो. तुमच्या चित्रात तो नाहीसा झालेला दिसतो का, हे दाखवा. दिसला नाही, तर ऑर्डर थांबवावी आणि आधी त्या वहीपासून चित्रापर्यंतचा रस्ता बांधून घ्यावा.